पाहुणे गेल्यानंतर

बालगृहात पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी ओल्या गाद्या जास्त निघतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बालगृहाची मी अधीक्षक होते आणि सकाळी गाद्या उन्हात टाकणाऱ्या मावशींकडून मला हे पहिल्यांदा कळलं. "काल केकवाले आलते न्हवं का मॅडम," एवढंच त्या म्हणायच्या. केकवाले म्हणजे आपल्या मुलाच्या वाढदिवसाला 'अनाथाश्रमात' जेवण देणारी कुटुंबं. माणसं भली असतात. दोन तास पोरांना मांडीवर घेतात, फोटो काढतात, 'परत येऊ हं' म्हणतात आणि गाडीत बसतात. मग रात्री मारामाऱ्या, एकमेकांना चावणं, कुणाचं तरी दप्तर फाडलेलं, आणि एखादं लहान पोर ताट सोडून फाटकाशी जाऊन बसलेलं. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ठाऊक होणार तरी कसं?

त्यामुळे निवृत्तीनंतर धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला, "मावशी, आमचा ग्रुप काठमांडूला अनाथाश्रमात सेवा करायला चाललाय, बरोबर एक मोठं माणूस हवंय, चल ना," तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मग विचार केला, मी आले नाही तरी ही पोरं जाणारच आहेत. शिवाय पशुपतिनाथ बघायचं राहिलं होतं.

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडायची आणि पलीकडे भैरहवाला काठमांडूची रात्रीची गाडी पकडायची. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे आमच्या कॉलेजकुमारांना वाटलं की आपण जरा लांबच्या लोणावळ्याला आलोय. संयोजक कंपनीने टी-शर्ट दिले होते, शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं. आम्ही जिथे जाणार होतो त्या अनाथाश्रमात युरोपातल्या दोन मुलीही होत्या. त्या पर्यटक व्हिसावर आल्या होत्या. नेपाळच्या नियमांनुसार त्या व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

तो अनाथाश्रम म्हणजे काठमांडूशेजारच्या ललितपूरमधलं एक तिमजली भाड्याचं घर. गच्चीवर काळ्या टाक्या, टँकर आला की खालून मोटर लावायची. मुलं दहा ते चार शाळेत. म्हणजे सेवा करायला हातात सकाळचे दोन तास आणि संध्याकाळ. मधल्या वेळात आमच्या मंडळींनी जिन्याची भिंत रंगवली. रंगवण्याआधी घासायला घेतली तेव्हा खालच्या थरात रंगीत पंजे निघाले, त्यांच्याखाली इंग्रजी नावं. आधीच्या तुकडीनेही हीच भिंत रंगवली होती. त्याखाली अजून एक थर असावा असा मला संशय आहे, पण तेवढं कुणी खरवडलं नाही. सगळ्यांत उपयोगी काम नगरच्या एका मुलाने केलं. तो मेकॅनिकलचा. त्याने मोटरचा व्हॉल्व्ह बदलला, गळकी टाकी सांधली. मुलांशी तो फारसा बोललाच नाही. माझ्या लेखी त्या ग्रुपमधला पहिला नंबर त्याचा.

पहिल्याच संध्याकाळी ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी भाचीच्या मांडीवर येऊन बसली आणि गळ्यात हात टाकून "दिदी" म्हणाली. (मुलांची नावं मी देणार नाही. आपल्याकडे बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांचं नाव, शाळा, फोटो छापायला मनाई करतं आणि ती सवय सीमेपलीकडे गेले म्हणून सुटत नाही.) भाची विरघळली. "मावशी, बघ ना, लगेच आली!" मी तिला रात्री विचारलं, तुमच्या सोसायटीतली आठ वर्षांची मुलगी अनोळखी माणसाच्या मांडीवर पाच मिनिटांत बसते का? आईच्या पदराआड उभी राहते, नाव विचारलं तर मान खाली घालते. तेच मूल निरोगी. जे कुणाच्याही मांडीवर चढतं, ते कुणाचंच झालेलं नसतं.

या गोष्टीवर जगात बरंच काम झालंय. १९५२ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी एक माहितीपट केला. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात. त्या काळी आईबापांना वॉर्डात मोजकाच वेळ भेटू देत. अशी मुलं आधी रडून गोंधळ घालतात, मग मलूल होतात, आणि बरेच दिवस गेले की 'शहाणी' होतात, कुणाकडेही जातात, आई आली तरी तोंड फिरवतात. परिचारिका या शेवटच्या अवस्थेला 'रुळलं' म्हणायच्या. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की मूल रुळलेलं नाही, त्याने आशा सोडलीय. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला होता. आज आपल्या रुग्णालयात लहान मुलाशेजारी आईला झोपू देतात, त्याची मुळं या दोघांच्या कामात आहेत.

पुढे लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या अभ्यासकांनी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात सरळ इशारा दिला. संस्थेतल्या लहान मुलांना स्वयंसेवकांचा चटकन लळा लागतो, थोड्या दिवसांत ते निघून जातात, पुन्हा नवे येतात, पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत मूल एकदा सोडलं जातं. या लेखांमधली भाषा जड असते, पण आमच्या गादीवाल्या मावशींचं निरीक्षण तेच होतं.

एकदा आलोच आहोत, तर निदान निघायचं कसं ते तरी नीट करू, म्हणून मी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. निघायला अजून बराच अवकाश होता, आणि तेच हवं होतं. निरोप शेवटच्या दिवशी घ्यायची गोष्ट नाही. पहिली सूचना, मुलांना तारीख आजच सांगा. त्यांच्या खोलीत नेपाळी पात्रो, म्हणजे कॅलेंडर, टांगलेलं होतं, विक्रम संवताचं. आपली अकरा जून त्यांना कळणार नाही, 'जेठ २८ गते' कळेल. त्या चौकोनात खूण करा आणि रोज झोपताना मुलांनाच मोजू द्या. दुसरं, 'परत येणार' म्हणायचं नाही. तिकीट हातात असल्याशिवाय कुणीही म्हणायचं नाही. यावर बरीच हुज्जत झाली. एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, नाही म्हटलं तर त्यांना किती वाईट वाटेल!" मी म्हटलं, वाईट वाटू दे. वाईट वाटलं तर मूल रडेल, रडून झोपेल. वाट बघायला लागलं तर ते महिनोन्‌महिने बघतं, आणि त्या काळात तू पुण्यात प्लेसमेंटच्या गडबडीत असशील.

मुलं झोपलेली असताना गुपचूप निघायचं नाही, हेही बजावलं. आपल्याकडे तान्ह्या पोराला झोपवून कामावर सटकणाऱ्या आया असतात, नाइलाज असतो त्यांचा. पण ज्या पोराला आधीच कुणीतरी असं सोडून गेलंय, ते नंतर झोपायलाच घाबरतं. एकाच लाडक्या मुलाला वेगळी भेटवस्तू नको, तुम्ही गेल्यावर बाकीची पोरं त्याच्याकडून ती हिसकावतात. फोन नंबर कागदावर लिहून देऊ नका. पाच-पाच वर्षं जपलेले असे कागद मी मुलांच्या पेट्यांत पाहिलेत, आणि ते नंबर लागत नाहीत.

निरोपाचा कार्यक्रम शनिवारी होता. नेपाळमध्ये शाळांना सुट्टी शनिवारी असते. मी सांगून पाहिलं होतं की कार्यक्रम नको, सकाळी मुलांबरोबर पोहे-चहा घेऊ, एकेकाला नावाने 'मी आज जातेय' म्हणू आणि निघू. पण संचालकांना कार्यक्रम हवा होता. झेंडूच्या माळा, कपाळाला टीका, गळ्यात खादा म्हणजे ते रेशमी उपरणं. पर्यटकांना ठाऊक असलेल्या त्याच एका लोकगीतावर मुलींचा नाच. मग भाषण, आणि भाषणानंतर देणगीची पेटी. आमच्या पोरांचा बांध फुटला. कोल्हापूरचा एक सहा फुटी गडी हमसून हमसून रडत होता. मुलं रांगेत उभी होती, फार थोडी रडत होती. रांगेच्या टोकाला तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी टिश्यूचा डबा घेऊन उभी होती आणि रडणाऱ्या प्रत्येक दिदी-दाइला, म्हणजे ताई-दादाला, एकेक काढून देत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं काम काय, हे तिला माहीत होतं.

मला कार्यक्रमाचा राग आला तो त्या डब्यापाशी. कोण कुणाचं सांत्वन करत होतं?

एक दहा वर्षांचा मुलगा मात्र मजेत होता. भाचीने त्याला जवळ घेऊन विचारलं, तुला वाईट नाही वाटत? त्याने सांगितलं, "म त दसैंमा घर जान्छु." मी तर दसऱ्याला घरी जाणार. भाचीने माझ्याकडे पाहिलं. अनाथ मुलगा घरी जाणार?

मला याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण आदल्या आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात बसले होते. तिथल्या वॉर्डनबाई आणि मी एकाच धंद्यातल्या, गप्पा जुळल्या. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. लिपी आपलीच. बाबुको नाम, आमाको नाम, ठेगाना. रकान्यामागून रकाने भरलेले. कुणाची आई गावी शेतात, कुणाचे वडील 'वैदेशिक रोजगारी', म्हणजे आखातात नाहीतर मलेशियात. दोन्ही रकाने रिकामे असलेली मुलं अगदी थोडी. वॉर्डनबाई लपवत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गावात शाळा धड नाही, इथे इंग्रजी शाळा आहे, म्हणून आईबापांनी ठेवलं. आमच्या बालगृहातही असंच होतं, खोटं कशाला बोलू. फरक एवढाच की आमच्या फाटकावर कुणी मुलांना 'अनाथ' म्हणून परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेत नव्हतं.

नेपाळमध्ये हे कसं वाढलं त्याला इतिहास आहे. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरू लागले. तुमच्या मुलाला माओवादी उचलून नेतील, त्यापेक्षा काठमांडूत शाळेत घालतो, द्या पैसे. आईबापांनी जमिनी, जनावरं विकून पैसे दिले. मुलं शहरात आली आणि कागदोपत्री अनाथ झाली. हुम्लाहून पायी यायचं म्हणजे दिवसच्या दिवस, आईबाप शोधायला येणार कुठून? कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण असाच स्वयंसेवक म्हणून आला होता. त्याला कळलं की आपल्या घरातली मुलं अनाथ नाहीतच. मग त्याने डोंगर चढून त्यांची कुटुंबं शोधली आणि २००६ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था उभी केली. या संस्थेने पुढे एक गोष्ट दाखवून दिली. देशातली जवळपास ९० टक्के अनाथालयं तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी फक्त पाच जिल्ह्यांत होती, आणि हे पाच म्हणजे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचं कास्की आणि चितवन. पर्यटक जिथे जातात तेच. अनाथ मुलं नेमकी हॉटेलांच्या आसपासच कशी जन्माला येतात, हा प्रश्न कुणालाही पडायला हवा.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा दलाल निघाले. नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, आणि जूनपर्यंत २४५ मुलांना तस्करीतून किंवा विनाकारण संस्थेत भरती होण्यापासून अडवल्याचं युनिसेफने सांगितलं. कंबोडियाची कथा वेगळी नाही. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयं ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात अनाथ वाढले नव्हते, पर्यटक वाढले होते. तिथल्या मुलांपैकी चारातल्या तिघांना आई किंवा वडील होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अनाथालयातल्या पर्यटन-स्वयंसेवेचा धोका नोंदवला.

कार्यक्रमानंतर आमची मंडळी दुपारी निघाली. दिवसाउजेडी, मुलं जागी असताना, एवढं तरी माझं ऐकलं. मला पशुपतिनाथाला जायचं होतं, माझं परतीचं तिकीट नंतरचं होतं, म्हणून मी मागे राहिले. रात्र मला पाठ असलेली होती. दोन मुलांची जुंपली, एकाने दुसऱ्याच्या वहीवर पाणी ओतलं. ठिपक्यांच्या फ्रॉकवाली जेवली नाही. पात्रोवरची अठ्ठावीस तारीख कुणीतरी पेनने इतकी गिरवली होती की कागद फाटला होता. वॉर्डनबाई म्हणाल्या, "दोन दिन लगता है."

दोनच दिवस मिळाले. सोमवारी संध्याकाळी नवी तुकडी आली, युरोपातली, उन्हाने भाजून गुलाबी झालेली गोरीपान पोरं. माळा, टीका, तेच गाणं. आणि ती ठिपक्यांच्या फ्रॉकवाली सरळ जाऊन एका सोनेरी केसांच्या मुलीच्या मांडीवर बसली. "दिदी." त्या मुलीच्या चेहऱ्यावर भाचीच्या चेहऱ्यावरचंच हसू होतं.

पुण्यात परतल्यावर भाचीला मी हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे आम्ही जायलाच नको होतं." मी तिला दोष देत नाही. वीस वर्षांच्या पोरीला कुणाचं तरी भलं करावंसं वाटतं, यात वाईट काय? तिची माया खरीच होती. वाईट आहे ते त्या मायेचं पॅकेज करून विकणं. ग्रुपमधल्या प्रत्येकाने जेवढे पैसे भरले, तेवढ्यात त्या घरातल्या कितीतरी मुलांना आपापल्या गावी आईकडे जाऊन येण्याचं भाडं निघालं असतं. आपल्या महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. एक पालक नसलेल्या किंवा संकटातल्या घरातल्या मुलामागे महिना २,२५० रुपये घरी दिले जातात, म्हणजे मूल संस्थेत यायलाच नको. रक्कम तुटपुंजी आहे, वेळेवर येत नाही, कागद पुरे करताना विधवा बाईच्या चपला झिजतात, सगळं खरं. पण मला विचाराल तर बालगृहाच्या दहा रंगीत भिंतींपेक्षा ती मोलाची आहे.

उन्हाळी सुट्टीत अशा सहलींच्या जाहिराती येतील. पालकांनो आणि कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांनो, ज्या संस्थेत कुठलीही चौकशी न करता, पोलिसांचा दाखला न मागता, पैसे भरले की मुलांच्या खोलीपर्यंत जाता येतं, तिथे तुमची मुलं पाठवू नका. तुमच्या मुलाच्या शाळेत असा अनोळखी माणूस तुम्ही शिरू दिला असता का? नेपाळ बघायचा तर जरूर बघा, होमस्टेत राहा, तिथे पैसे खर्च करा, त्यातून गावातल्या बाईच्या हातात रोजगार जातो. मोटर दुरुस्त करता येत असेल तर मुलं शाळेत असताना करा.

आणि ज्यांनी आधीच एखाद्या पोराला 'पत्र लिहीन' असं सांगून निरोप घेतलाय, त्यांनी ते पत्र याच आठवड्यात लिहा. सोप्या हिंदीत चार ओळी पुरेत. मी नीट पोहोचले, टाकीचं काम टिकलं का, तुझी परीक्षा कशी झाली, मला परत यायला जमणार नाही. संस्थेच्या पत्त्यावर मुलाच्या नावाने पाठवा. अशी पत्रं आम्ही अधीक्षक मंडळी मुलांना वाचून दाखवतो.